आठ वर्षं झाली, तरी चक्रवाढ दिसत कशी नाही?

प्रश्न असा आहे. तुमचं वय ३८. तिसाव्या वर्षापासून निवृत्तीसाठी दर वर्षी १ लाख रुपये बाजूला टाकताय, एकही वर्ष चुकवलेलं नाही. आठ वर्षांत ८ लाख भरले आणि आज खात्यावर दिसतात १० लाख ६४ हजार. ‘चक्रवाढीची जादू म्हणतात ती हीच का?’ असं तुम्ही विचारलंय. एका मित्राचे पैसे वर्षभरात दीडपट झाले, म्हणून सगळी रक्कम काढून तिकडे वळवावी असं मनात आहे. शिवाय तुमच्या ४७ वर्षांच्या मोठ्या बहिणीने आजवर काहीच साठवलेलं नाही. तिने आता सुरुवात करून काही उपयोग आहे का, हेही विचारलंय.

आधी उत्तर देते, मग कारणं. रक्कम काढू नका. तुमच्या खात्यात काहीही बिघडलेलं नाही. आठ वर्षांनंतर चक्रवाढ अशीच दिसते. उलट, ज्या वर्षाची वाट बघायला हवी ते अगदी जवळ आलंय आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही उठून जायच्या बेतात आहात. बहिणीने सुरुवात नक्की करावी, पण तिचं गणित तुमच्यापेक्षा वेगळं आहे, ते शेवटी मांडते.

तुमच्या आकड्यांवरून परतावा वर्षाला ८ टक्के पडतो. पुढचा सगळा हिशेब याच दराने, आणि भरणा वर्षाच्या शेवटी होतो असं धरून केला आहे. हा दर पुढेही असाच मिळेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. त्याबद्दल नंतर बोलू.

आता तुमची वही उघडू. पहिल्या वर्षाच्या शेवटी १ लाख भरले, व्याज शून्य. दुसऱ्या वर्षी व्याज आलं ८ हजार. पाचव्या वर्षी ३६ हजार. आठव्या वर्षी ७१ हजार. भरणा मात्र दर वर्षी १ लाख. म्हणजे आठही वर्षं तुम्ही जेवढं घातलंत त्यापेक्षा व्याज कमीच होतं, सुरुवातीला तर नगण्य होतं. त्यामुळे खातं तुमच्याच कष्टाने वाढतंय असं वाटणं साहजिक आहे, आणि ते खरंही आहे. पण या वर्षी, म्हणजे नवव्या वर्षी, व्याज येईल ८५ हजार. आणि दहाव्या वर्षी ९९,९०० रुपये. एक लाखाला शंभर रुपये कमी.

दहाव्या वर्षी तुमच्या खात्यात तुमच्याइतकीच रक्कम टाकणारा दुसरा कोणीतरी उभा राहतो. तिथून पुढे तो दर वर्षी तुम्हाला मागे टाकत जातो.

हे वर्ष दहावंच का, याचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात सगळा विषय सामावलेला आहे. रक्कम दुप्पट व्हायला किती काळ लागतो, हा माणसाचा फार जुना प्रश्न. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची एक बाबिलोनी मातीची पाटी आहे, तिच्यावर हेच उदाहरण आहे: २० टक्के दराने दुप्पट कधी? उत्तर तीन वर्षं नऊ महिन्यांच्या जरा पुढे. आपण आज वापरतो तो ७२ चा नियम लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात सापडतो. ७२ ला व्याजदराने भागा, दुपटीची वर्षं मिळतात. ८ टक्क्यांना ९ वर्षं, ६ टक्क्यांना १२, ४ टक्क्यांना १८. नियम अंदाजाचा आहे, पण ८ टक्क्यांना तो जवळजवळ काटेकोर बसतो.

आता गंमत बघा. दर वर्षी सारखी रक्कम भरत गेलं, तर दुपटीचा एक काळ उलटला की पुढच्या वर्षाचं व्याज तुमच्या वर्षाच्या भरण्याला गाठतं. तुमच्या बाबतीत ९ वर्षं उलटली की दहाव्या वर्षी. हा योगायोग नाही, गणितच तसं आहे. दर ४ टक्के असता तर यासाठी १८ वर्षं थांबावं लागलं असतं. दुपटीचे दोन काळ उलटले, म्हणजे १८ वर्षं झाली, की एका वर्षाचं व्याज भरण्याच्या तिप्पट होतं. तीन काळ उलटले, २७ वर्षं झाली, की सातपट. चार काळ, ३६ वर्षं, की पंधरापट. १, ३, ७, १५. कोणत्याही दराला हाच क्रम लागू पडतो, फक्त एकेका टप्प्याची लांबी बदलते.

म्हणून मी लोकांना वर्षं मोजू नका, दुपटी मोजा असं सांगते. तिशीपासून साठीपर्यंत तुमच्याकडे तीस वर्षं आहेत, म्हणजे ८ टक्क्यांनी तीन दुपटी आणि वर थोडं. तुमची पहिली अजून पुरी व्हायची आहे. पहिल्या दुपटीत जवळपास सगळा भार भरणाऱ्यावर असतो. अठराव्या वर्षापर्यंत एकूण साठलेलं व्याज एकूण भरलेल्या रकमेला मागे टाकतं: भरलेले १८ लाख, शिल्लक ३७ लाख ४५ हजार. तिसाव्या वर्षी भरलेले ३० लाख, शिल्लक १ कोटी १३ लाख. त्या शेवटच्या एका वर्षाचं व्याज ८ लाख ३२ हजार, म्हणजे तुम्ही आजपर्यंत आठ वर्षांत भरलेल्या एकूण रकमेहून जास्त.

यातून एक गोष्ट निघते जी बहुतेकांना उलटी समजलेली असते. उशिरा सुरुवात केली की ‘सुरुवातीची काही वर्षं गेली, त्या वर्षांत असं काय मोठं व्याज मिळणार होतं’ असं वाटतं. पण हातची जाते ती पहिली दुप्पट नव्हे. जाते ती शेवटची. साठीला थांबायचंच आहे, तर एकविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला ३९ वर्षं मिळतात, तिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला ३०. पहिल्याने फक्त ९ लाख जास्त भरले, पण त्याच्याकडे २ कोटी ३९ लाख होतात आणि दुसऱ्याकडे १ कोटी १३ लाख. सव्वा कोटीचा फरक त्या सुरुवातीच्या नऊ वर्षांत कुठे दिसलाच नसता; तो शेवटच्या नऊ वर्षांत येतो.

लवकर सुरुवातीचं एक ठरलेलं उदाहरण सगळीकडे फिरत असतं, तुम्हीही पाहिलं असेल. एक जण पंचविशीत सुरुवात करतो, दहा वर्षं १ लाख भरतो आणि थांबतो. दुसरा पस्तिशीत सुरुवात करून साठीपर्यंत सलग पंचवीस वर्षं भरतो. ८ टक्क्यांनी पहिल्याचे ९९ लाख होतात, दुसऱ्याचे ७३ लाख. हिशेब बरोबर आहे. पण तो दराच्या जोरावर उभा आहे हे सांगितलं जात नाही. ६ टक्के धरा: पहिल्याचे साडेछप्पन्न लाख, दुसऱ्याचे पंचावन्न लाख, जवळपास बरोबरी. ४ टक्के धरा: पहिल्याचे ३२ लाख, दुसऱ्याचे ४१ लाख ६५ हजार. सुमारे पावणेसहा टक्क्यांच्या खाली सातत्याने भरत राहणारा जिंकतो. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण त्या तक्त्याने पस्तिशी-चाळिशीतली कितीतरी माणसं नाउमेद होतात आणि सुरुवातच करत नाहीत. वेळेला किंमत आहे, पण भरण्यालाही आहे, आणि दर जितका कमी तितकी भरण्याची किंमत जास्त.

आता रक्कम काढण्याबद्दल. आज १० लाख ६४ हजार काढले आणि उद्यापासून पुन्हा शून्यातून वर्षाला लाख भरायला लागलात, तर साठीला २२ वर्षांचे ५५ लाख ४६ हजार होतील. न काढता चालू ठेवलंत तर १ कोटी १३ लाख. म्हणजे आजच्या साडेदहा लाखांची साठीतली किंमत जवळपास ५८ लाख. निम्म्याहून जास्त पुंजी या आठ वर्षांच्या भरण्यातून येणार आहे, बाकीच्या बावीस वर्षांतून निम्म्याहून कमी.

५८ लाख हा आकडा ऐकून दचकायला होतं, पण तो तसाच तुमच्यासमोर ठेवणं मला पटत नाही. बावीस वर्षांनंतरचा रुपया आजचा रुपया नसेल. महागाई सरासरी ५ टक्के धरली, तर आज १ रुपयाला मिळणाऱ्या वस्तूला तेव्हा २ रुपये ९३ पैसे लागतील. त्या हिशेबाने ५८ लाखांची आजच्या भाषेतली किंमत पावणेवीस लाखांच्या आसपास येते. साडेदहाचे पावणेवीस. तरीही काढू नका असंच मी सांगेन, कारण आजच्या मोलातही ती जवळपास दुप्पट आहे. पण निर्णय खऱ्या आकड्यावर घ्यावा.

अनेकांच्या बाबतीत हे एकदा होऊन थांबत नाही. एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, पंचवीस वर्षांची नोकरी झालेले. दर नोकरीबदलाच्या वेळी जुना निधी मोकळा झाला की ते तो काढून घेत. रक्कम लहान वाटायची, आणि घरात तेवढ्याच रकमेची काहीतरी निकड असायची. त्यांचा हिशेब तुमच्या मापाचा करून सांगते, म्हणजे वर्षाला १ लाख आणि ८ टक्के. सहाव्या वर्षी ७ लाख ३४ हजार काढले, अकराव्या वर्षी ५ लाख ८७ हजार, सतराव्या वर्षी पुन्हा ७ लाख ३४ हजार. तिन्ही मिळून साडेवीस लाख हाती आले आणि खर्ची पडले. शिल्लक राहिली फक्त शेवटच्या आठ वर्षांची: १० लाख ६४ हजार. तुमचा आजचा आकडा, पण पंचवीस वर्षांनंतर. हात लावला नसता तर ७३ लाख असते. भरण्यात ते कधीच कमी पडले नव्हते. तीनदा पहिली दुप्पट सुरू केली आणि तीनदा ती पुरी व्हायच्या आत मोडली.

त्यांची चूक लोभाची किंवा आळसाची नव्हती. निकडीच्या वेळी हात घालायला दुसरी जागाच नव्हती. म्हणून निवृत्तीच्या पैशांना वाचवायचं असेल तर ते निवृत्तीच्या पैशांत करता येत नाही. त्यासाठी शेजारी वेगळी रक्कम असावी लागते, सहा महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी, कमी व्याजाची पण लगेच हाती येणारी. तिच्यावर परतावा किती मिळतो हे बघूच नका. ती दुसऱ्या रकमेची राखण करते, तेवढं पुरे.

मित्राच्या दीडपटीकडे वळू. एका वर्षात दीडपट होऊ शकतं. प्रश्न हा की सलग बावीस वर्षं काय होतं. एका वर्षी २० टक्के घट आणि पुढच्या वर्षी २५ टक्के वाढ झाली तर सरासरी अडीच टक्के दिसते, पण शंभराचे ऐंशी आणि ऐंशीचे पुन्हा शंभर, कमाई शून्य. निम्मी रक्कम बुडाली तर जागेवर यायला १०० टक्के वाढ लागते. चक्रवाढ नफ्याइतकीच तोट्यावरही चढते. जास्त परताव्यासाठी थोडी जोखीम घेऊ नये असं मी म्हणत नाही. लांब पल्ल्यासाठी शेअर बाजारासारख्या जागी काही भाग असणं मला योग्यच वाटतं. पण एकाच सौद्यात सगळी पुंजी नको. मित्राने तुम्हाला त्याचं चांगलं वर्ष सांगितलं. त्याआधीची आणि नंतरची वर्षं कशी गेली, हे त्याला विचारा.

शिवाय तुम्ही आज ज्या टप्प्यावर आहात तिथे दराच्या मागे धावून फारसं हाती लागत नाही. तुमच्या साडेदहा लाखांवर एक टक्का जास्त मिळाला तर यंदा १० हजार ६०० रुपये वाढतील. भरणा दहा टक्क्यांनी वाढवलात तर १० हजार वाढतील, आणि तेही कुठलीही जोखीम न घेता. दोन्ही सारखेच. पण पंचविसाव्या वर्षी तोच एक टक्का ६७ हजारांचा होईल आणि भरण्यातली वाढ मात्र १० हजारांचीच राहील. सुरुवातीच्या वर्षांत सगळं लक्ष भरण्यावर द्यावं. दर आणि खर्च यांची बारीक देखरेख शिल्लक मोठी झाल्यावर जास्त फळते. लोक बरोबर उलट करतात. लहान रक्कम असताना इकडून तिकडे नाचवत राहतात आणि मोठी झाली की बघायचं सोडून देतात.

खर्च हा शब्द आला म्हणून सांगते. तुमचे पैसे सांभाळणारी संस्था दर वर्षी काही टक्के शुल्क घेत असेल, तर ते किती आहे हे नक्की शोधा. एक टक्का ऐकायला काहीच वाटत नाही. पण ८ ऐवजी ७ टक्के हाती येत असतील, तर तीस वर्षांनी १ कोटी १३ लाखांऐवजी ९४ लाख ४६ हजार होतात. एक टक्क्याने अंतिम पुंजीचा सहावा हिस्सा नेला. कारण शुल्क दर वर्षी पूर्ण शिलकीवर लागतं, आणि गेलेल्या रकमेवर पुढे जे व्याज मिळालं असतं तेही जातं.

याउलट ‘आमच्याकडे व्याज रोज मोजलं जातं’ अशा जाहिरातीला भुलू नका. याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने १६८३ मध्ये हाच प्रश्न सोडवला होता: १०० टक्के व्याज वर्षातून जास्त जास्त वेळा आकारत गेलं तर रक्कम अमर्याद वाढेल का? वाढत नाही, एका रुपयाचे वर्षाअखेर २ रुपये ७२ पैशांच्या पलीकडे होतच नाहीत. ८ टक्क्यांच्या बाबतीत फरक तर आणखी किरकोळ. वर्षातून एकदा आकारलं तर ८ टक्के, दरमहा आकारलं तर ८.३०, दररोज आकारलं तर ८.३३. दर, शुल्क आणि काळ यांच्यापुढे हे काहीच नाही.

कागदावरची चक्रवाढ आणि प्रत्यक्षातली चक्रवाढ यांत किती अंतर पडतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण बेंजामिन फ्रँकलिनचं. १७९० मध्ये तो वारला तेव्हा त्याने बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी १,००० पौंड ठेवले. अट अशी की ही रक्कम तरुण कारागिरांना ५ टक्के व्याजाने कर्जाऊ द्यायची आणि दोनशे वर्षं फिरवायची. त्याने स्वतः हिशेब मांडून ठेवला होता. शंभर वर्षांनी १ लाख ३१ हजार पौंड होतील, त्यातले १ लाख शहराच्या कामाला वापरावेत, आणि उरलेल्या ३१ हजारांचे पुढच्या शंभर वर्षांत ४० लाख ६१ हजार पौंड होतील. हिशेब चोख आहे, ५ टक्क्यांनी शंभर वर्षांत रक्कम १३१ पट होतेच. प्रत्यक्षात दोन्ही शहरं पहिल्या शंभर वर्षांनंतर त्या आकड्याला पोचली नव्हती. दोनशे वर्षं पुरी झाली तेव्हा, १९९० मध्ये, बॉस्टनच्या निधीत सुमारे ५० लाख डॉलर होते आणि फिलाडेल्फियाच्या निधीत सुमारे २० लाख. सुरुवात एकाच रकमेने, अटी त्याच, काळही तोच. फरक पडला तो पैसे कसे सांभाळले, कुठे गुंतवले आणि दिलेली कर्जं कितपत वसूल झाली यामुळे. तुमच्या तीस वर्षांच्या हिशेबातही असा फरक पडणारच आहे, हे धरून चाला. म्हणून मी ८ टक्क्यांबरोबर ६ टक्क्यांचा हिशेबही नेहमी मांडून ठेवते आणि खर्चाचं नियोजन त्या दुसऱ्या आकड्यावर करते.

महागाईचा मुद्दा तुमच्या योजनेलाही लागू आहे. साठीला मिळणारे १ कोटी १३ लाख आजच्या मोलात ३८ लाख ७० हजारांच्या जवळपास भरतात. थोडे वाटले? मलाही थोडेच वाटतात, कारण तुम्ही आठ वर्षांपूर्वी १ लाख ठरवलेत आणि आजही तेवढेच भरताय. पगार वाढला असेल, खर्च वाढला असेल, हा एकच आकडा जागचा हलला नाही. पुढच्या वर्षी १ लाख ५ हजार भरा आणि दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढवत न्या. साठीला १ कोटी ४६ लाख होतील, आजच्या मोलात ५० लाख. १० टक्क्यांनी वाढवता आलं तर २ कोटी ६ लाख, आजच्या मोलात ७० लाखांच्या वर. पगारवाढ ज्या महिन्यात होते त्याच महिन्यात हा आकडा बदलून टाकावा. नंतर बघू म्हटलं की वाढीव पैशाला दुसऱ्या वाटा फुटतात.

शेवटच्या दहा वर्षांसाठी एक सावधगिरी आत्ताच सांगून ठेवते. तिसऱ्या वर्षी शिल्लक ३ लाख २५ हजार असताना बाजार ३० टक्क्यांनी पडला तर सुमारे ९७ हजार जातात. तीस वर्षांच्या शेवटचं त्यांचं मोल धरलं तरी पावणेआठ लाख. तीच पडझड एकोणतिसाव्या वर्षी, १ कोटी ४ लाख असताना झाली, तर एका झटक्यात ३१ लाख जातात आणि सावरायला वेळ उरलेला नसतो. पन्नाशी आली की चढउताराच्या जागचे पैसे दर वर्षी थोडे थोडे स्थिर जागी आणायला सुरुवात करा. सगळे मात्र आणू नका. साठीला थांबलात तरी ऐंशीव्या वर्षी लागणाऱ्या पैशांना अजून वीस वर्षं काम करायचं असतं, म्हणजे ८ टक्क्यांनी दोन दुपटी.

आणि हीच गोष्ट तुमच्या बहिणीसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. तिला वाटत असेल की साठीपर्यंत तेराच वर्षं उरली. वर्षाला १ लाख भरले तर तेरा वर्षांत साडेएकवीस लाखच होतात, हेही खरं. तिच्या वाट्याला साठीपर्यंत जेमतेम दीड दुप्पट येते, त्यामुळे व्याजावर भिस्त ठेवून चालणार नाही. तिच्या हातात दोन गोष्टी आहेत: किती भरायचं आणि केव्हा थांबायचं. वर्षाला ३ लाख भरले तर साठीला ६४ लाख ५० हजार. आणि तब्येतीने व कामाने साथ दिली, पासष्टपर्यंत भरत राहिली, तर १ कोटी १२ लाख. पाच वर्षं पुढे ढकलल्याने पुंजी पावणेदोनपट झाली, आणि ती पुरवायची वर्षंही पाचाने कमी झाली. तुम्ही तीस वर्षं १ लाख भरून जिथे पोचणार, तिथेच ती अठरा वर्षं ३ लाख भरून पोचते. तिच्या खिशातून ५४ लाख जातील, तुमच्या ३०. वेळेची किंमत इथे अशी मोजावी लागते. पण पोचता येतं.

३ लाख जमणार नसतील आणि दीडच जमत असतील, तर अठरा वर्षांत ५६ लाख होतील, त्यात तिचा भरणा २७ लाखांचा. काहीच न करण्यापेक्षा हे फार चांगलं आहे. फक्त पहिला हप्ता भरण्याआधी तिच्या डोक्यावर कुठलं कर्ज आहे का ते बघा. क्रेडिट कार्डासारखं महिन्याला ३ टक्के व्याजाचं कर्ज असेल तर तेही ७२ च्याच नियमाने चालतं: २४ महिन्यांत दुप्पट. ते फेडणं हीच तिची पहिली बचत. घरासाठी घेतलेलं कमी दराचं लांब मुदतीचं कर्ज असेल तर त्यासाठी थांबायची गरज नाही, दोन्ही बरोबर चालू ठेवता येतील. दर तिच्या अपेक्षित परताव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त असेल, १२ टक्के किंवा त्याहून वर, तर आधी कर्ज, मग साठवण.